आतड्याचा कॅन्सर, बायोसेन्सर आणि आपली वस्ती

"ताई, आपल्या लोकांना अजून धड संडास मिळाले नाहीत आणि तुम्ही सेन्सर काय घेऊन बसलात?"

आमच्या विहारात रविवारची वंदना झाली की तासभर चर्चा चालते. एकाने काहीतरी वाचून यायचं, सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे, अशी पद्धत आहे. मागच्या महिन्यात माझा नंबर होता. आतड्याच्या कॅन्सरमधली एन्झाइम्स ओळखणाऱ्या बायोसेन्सरबद्दल मी बोलले. बोलणं संपायच्या आतच चळवळीत केस पांढरे केलेल्या एका भाऊंनी वरचा प्रश्न टाकला. मी उत्तर देणार तोच मागच्या रांगेतला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "भाऊ, उलट आपल्यालाच हे पाहिजे. डॉक्टर जात बघतो, सेन्सर बघत नाही. यंत्र आलं की भेदभाव संपला."

दोघेही आपलेच आहेत आणि दोघांची कळकळ खरी आहे. पण मला दोघांचंही म्हणणं पटत नाही. त्या दिवशी वेळ संपला म्हणून सविस्तर बोलता आलं नाही. ते इथे लिहिते.

आधी काकांबद्दल

हा विषय मी पुस्तकातून उचललेला नाही. आमच्या वस्तीत एक काका होते. काम महापालिकेचं, पगार ठेकेदाराचा. बावीस वर्षं त्यांनी गटारं आणि सार्वजनिक संडास साफ केले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. त्यांनी सात-आठ महिने कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ज्या माणसाने गावाची घाण हाताने उचलली, त्याला स्वतःच्या शौचातल्या रक्ताबद्दल बोलायला लाज वाटत होती. ही लाज त्यांना कुणी शिकवली हे मी वेगळं सांगायला नको.

शेवटी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं, मूळव्याध. मेडिकलवाल्याने मलम दिलं, कुणी चूर्ण दिलं. तीन डॉक्टर झाले. तिघांनी लांबूनच विचारपूस करून गोळ्या लिहिल्या. गुदद्वाराजवळची गाठ हातमोजा घालून बोटाने तपासता येते. त्याला दोन मिनिटं लागतात आणि खर्च एका हातमोज्याचा. तिघांपैकी एकानेही ते केलं नाही. मोठ्या दवाखान्यात पोहोचल्यावर कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून आतडं तपासण्याची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत आजार यकृतात पोहोचला होता. पुढच्या वर्षी आम्ही त्यांच्या पुण्यानुमोदनाला बसलो होतो.

ते तीन डॉक्टर जातीयवादी होते असा आरोप मी करत नाही. मी कुणाच्या मनात शिरले नाही. गर्दी असेल, कंटाळा असेल, "यात काय विशेष" ही सवय असेल. पण हात पुढे आला नाही, ही वस्तुस्थिती आहे. आणि ज्या समाजात कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही हे हजारो वर्षं ठरवून दिलेलं होतं, तिथे न पुढे आलेल्या हाताबद्दल प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

हे तंत्रज्ञान नेमकं आहे काय?

बायोसेन्सर हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. आपल्यातल्या बऱ्याच घरांत एक बायोसेन्सर आहे. साखर तपासायचं ग्लुकोमीटर. त्याच्या पट्टीवर एक एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन. रक्ताचा थेंब पडला की ते एन्झाइम ग्लुकोजवर काम करतं, त्यातून सूक्ष्म वीजप्रवाह निघतो आणि यंत्र तो मोजून आकडा दाखवतं. जैविक ओळख पटवणारा एक भाग आणि ती ओळख वीज, रंग किंवा प्रकाशात बदलणारा दुसरा भाग, एवढाच बायोसेन्सरचा सांगाडा. ही कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपल्याला माहीत आहे. त्यांच्या काळी असलं यंत्र नव्हतं. तेव्हा लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग हिरवा, पिवळा, विटकरी होतो का ते बघायचं, ही नेहमीची पद्धत होती. महापरिनिर्वाणानंतर सहा वर्षांनी सेन्सरची कल्पना कागदावर आली. आज वस्तीतली आशाताई अर्ध्या मिनिटात साखर सांगते. म्हणजे प्रयोगशाळेतली वस्तू वस्तीत येऊ शकते. ती येते का, कधी येते आणि कुणामुळे येते, हा आपला प्रश्न आहे.

आता आतड्याच्या कॅन्सरकडे येऊ. ग्लुकोमीटरमध्ये एन्झाइम यंत्राचं असतं आणि ते साखर शोधतं. इथे उलटं आहे. इथे रोग्याच्या शरीरातलं एन्झाइमच पकडायचं असतं. गाठ वाढते तेव्हा तिला आजूबाजूच्या पेशीजालातून वाट काढावी लागते. त्यासाठी लागणारी कात्री म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, थोडक्यात एमएमपी, या गटातली एन्झाइम्स. त्यातली एमएमपी-२, एमएमपी-७ आणि एमएमपी-९ ही आतड्याच्या कॅन्सरच्या ऊतीत अनेकदा वाढलेली सापडतात.

पॅथॉलॉजीत तुकडा तपासताना खास रंग वापरून एखादं एन्झाइम आहे की नाही ते बघता येतं. पण आहे आणि काम करतंय, यात फरक आहे. ही एन्झाइम्स आधी निष्क्रिय रूपात तयार होतात, मग कापून सक्रिय होतात. म्यानात ठेवलेली तलवार आणि उपसलेली तलवार यांतला हा फरक. सेन्सर उपसलेली तलवार मोजतो. त्याची एक रीत अशी. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या साखळीचा, दोरा बांधायचा आणि त्याच्या टोकाला मिथिलीन ब्लू हा रंग लावायचा. तो रंग वीजप्रवाह देतो. ऊतीचा अर्क त्यावर टाकला आणि त्यात सक्रिय एन्झाइम असलं, तर दोरा कापला जातो, रंग निघून जातो आणि प्रवाह कमी होतो. प्रवाह किती पडला त्यावरून कात्री किती चालली ते कळतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे तुकडा न काढता तपासणी. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने सूक्ष्म कण तयार केले. ते शरीरात सोडले की गाठीजवळची एन्झाइम्स त्यांच्यावरचे पेप्टाइड कापतात, कापलेले तुकडे लघवीत उतरतात आणि गर्भधारणा तपासायच्या पट्टीसारख्या कागदी पट्टीवर दिसतात. आतड्याचा कॅन्सर असलेल्या उंदरांवर त्यांनी हे २०१४ साली दाखवलं. २०१९ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या मॉली स्टीव्हन्स आणि भाटिया यांच्या गटांनी मिळून सोन्याचे दोन नॅनोमीटरहून लहान कण वापरले. एमएमपी-९ ने ते सोडवले की मूत्रपिंडाच्या गाळणीतून लघवीत येतात. मग त्या लघवीत एक रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की ती निळी होते. यंत्र लागत नाही, डोळ्यांना दिसतं.

रंग निळा आहे म्हणून आपण लगेच भाळून जायचं कारण नाही. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत. उंदीर ते माणूस हा रस्ता लांब असतो आणि त्यावर बऱ्याच गोष्टी मरतात. पण दिशा महत्त्वाची आहे. दुर्बीण नाही, भूल नाही, शहरातला मोठा दवाखाना नाही. उपकेंद्रात नर्सने करायची तपासणी. आणि हो, कुणी कुणाला हात लावायची गरज नाही. या शेवटच्या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

भाऊंना उत्तर

"आधी संडास, मग सेन्सर" हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण या वाक्यात एक धोका दडलेला आहे. आपल्या लोकांनी फक्त संडास, पाणी, रेशन एवढंच मागावं आणि विज्ञानाची चर्चा इतरांनी करावी, ही विभागणी कुणी केली? संडास आणि सेन्सर यांत निवड करायला सांगणारा माणूस स्वतःच्या घरात दोन्ही ठेवून असतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात यंत्राचा प्रश्न सोडवून ठेवला आहे. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावलं की यंत्रामुळे श्रमिकाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. यंत्रातून दुःख निर्माण होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या हातात देणाऱ्या समाजरचनेचा आहे. रचना बदला, यंत्र फेकू नका, असा तो युक्तिवाद आहे. सेन्सरला तो जसाच्या तसा लागू होतो.

आणि उशिराची किंमत कोण मोजतं ते बघा. हा कॅन्सर हळू वाढतो. आतड्यातल्या साध्या कोंबापासून कॅन्सर व्हायला अनेकदा दहा वर्षं लागतात. अमेरिकेतल्या आकडेवारीप्रमाणे गाठ जागच्या जागी असताना सापडली तर पाच वर्षांनी दहापैकी नऊ जण जिवंत असतात. दूर पसरल्यावर सापडली तर हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे जगणं-मरणं औषधापेक्षा तारखेवर अवलंबून आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कॅन्सरचे सुमारे ७० हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४१ हजार मृत्यू झाले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे. आतड्याची नाही.

ज्याच्याकडे विमा आहे, ओळखीचा डॉक्टर आहे, रजा आहे, तो आजही वेळेत दुर्बीण करून घेतो. त्याला स्वस्त सेन्सर नसला तरी चालतं. सेन्सर काकांसारख्यांनाच लागतो. सफाई कामगारांना हा कॅन्सर जास्त होतो असा माझा दावा नाही. त्यांना तो उशिरा कळतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

विद्यार्थ्याला उत्तर

आता दुसरी बाजू. सेन्सर जात बघत नाही हे खरं. पण सेन्सर बनवणारा, त्याची सीमारेषा ठरवणारा आणि निकाल हातात घेऊन पुढे काय करायचं ते सांगणारा माणूस समाजातच राहतो.

एक उदाहरण कोरोनातलं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी वापरलं. त्वचेतून प्रकाश जातो आणि ऑक्सिजनचा आकडा येतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून अभ्यास प्रसिद्ध झाला की काळ्या रुग्णांमध्ये हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं आणि गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा खरी कमतरता चुकवतं. कुणी मुद्दाम वर्णद्वेषी यंत्र बनवलं नव्हतं. यंत्र बेतताना समोर कोणाची बोटं होती, एवढाच प्रश्न होता.

आतड्याच्या सेन्सरचंही तसंच आहे. एमएमपी-९ फक्त कॅन्सरमध्ये वाढत नाही. आतड्याला सूज आली की वाढतं, क्षयरोगात वाढतं. आता सांगा, आतड्याचा क्षय, जुलाब, आमांश कुठे जास्त आहेत? जिथे पाण्याची पाइपलाइन गटारातून जाते तिथे. युरोपातल्या निरोगी माणसाच्या पातळीवरून सीमारेषा ठरवली तर आमच्या वस्तीत सेन्सर उगाच ओरडत राहील. आणि उगाच ओरड नको म्हणून सीमारेषा वर नेली तर खरा कॅन्सर निसटेल. म्हणजे भाऊंचा संडास आणि माझा सेन्सर एकमेकांपासून वेगळे नाहीतच. पाणी घाण असेल तर सेन्सरसुद्धा खोटं बोलतो.

थोडं गणित करू. समजा दहा हजार लोकांची तपासणी केली आणि त्यांतल्या ३० जणांना खरंच हा कॅन्सर आहे. चाचणी चांगली आहे. शंभर आजाऱ्यांपैकी ९० पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी ९० जणांना बरोबर निरोगी सांगते. मग ३० पैकी २७ सापडतील. पण ९,९७० निरोग्यांपैकी ९९७ जणांनाही ती कॅन्सरचा संशय सांगेल. एकूण १,०२४ माणसं घाबरून रांगेत उभी राहतील आणि त्यांतल्या २७ जणांनाच आजार असेल. या १,०२४ दुर्बिणी कोण करणार? ज्या दवाखान्यात एका काकांना अडीच महिन्यांची तारीख मिळते, तिथे? पैसेवाला त्याच संध्याकाळी खाजगीत जाऊन खात्री करून घेईल. आपला माणूस लघवी निळी झाल्याची चिठ्ठी खिशात घेऊन तीन महिने झोपणार नाही.

म्हणून मी म्हणते, सेन्सर रांग संपवत नाही. सेन्सरमुळे रांग कुठून सुरू होते ते बदलतं.

रांग संपते कशाने? अमेरिकेतल्या डेलावेअर या छोट्या राज्याचं उदाहरण आपण पाठ करून ठेवलं पाहिजे. अमेरिकेत काळ्या लोकांना आतड्याचा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा जास्त होतो आणि मृत्यूही जास्त होतात. डेलावेअरमध्ये २००१ साली पन्नाशीपुढच्या काळ्या लोकांपैकी ४८ टक्क्यांची तपासणी झालेली होती. सरकारने तपासणी मोफत केली. दवाखान्यांमध्ये अशा नर्स नेमल्या ज्या माणसाला शोधतील, समजावतील, तारीख मिळवून देतील, येण्याजाण्याची सोय बघतील. आणि विमा नसलेल्याला कॅन्सर निघाला तर उपचाराचा खर्च राज्याने उचलला. २००९ पर्यंत काळ्या लोकांतली तपासणी ७४ टक्क्यांवर गेली, गोऱ्यांच्या बरोबरीला. उशिरा सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण ७९ टक्क्यांवरून ४० वर आलं. मृत्युदर ४२ टक्क्यांनी घटला आणि काळ्या-गोऱ्यांतली दरी जवळपास बुजली. नवं यंत्र एकही नव्हतं. तीच जुनी दुर्बीण होती. नवीन होती ती सरकारची नियत आणि हात धरणारी नर्स.

आपल्याकडे ही दरी मोजलीच जात नाही. डेलावेअरला दरी बुजवता आली कारण त्यांच्या नोंदीत वंश लिहिलेला होता. आपल्या राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या अहवालात वय दिसतं, लिंग दिसतं, जिल्हा दिसतो. जातनिहाय कोष्टक दिसत नाही. जिथे मोजलं तिथे काय निघालं? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ राज्यांच्या अभ्यासात दलितांचं आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचं चार वर्षांहून अधिक कमी निघालं. गरिबीचा हिशेब वजा केल्यावरही ही सगळी तफावत मिटली नाही. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता. म्हणून आपण सुटलो असं कुणी समजू नये. आपण मोजलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

शरीर कुणाचं, प्रयोग कुणाचा?

उंदरांनंतर माणसांवर चाचण्या होतील. त्या कुठल्या वस्तीत होतील याचा अंदाज आपल्याला आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी चाचणी झाली. सुमारे ७५ हजार स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून केली. त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. साधी, स्वस्त, वस्तीतल्या बाईने करायची पद्धत जीव वाचवते, हे त्यातून सिद्ध झालं आणि त्याचं मोल मी मान्य करते. पण तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या गटात सुमारे ७६ हजार स्त्रिया होत्या. त्यांना आरोग्यशिक्षण मिळालं, तपासणी मिळाली नाही. कॅन्सर पकडणारी तपासणी जगात उपलब्ध असताना यांना ती का दिली नाही, असा सवाल वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी केला. संशोधकांचं उत्तर होतं की त्या वस्त्यांत एरवीही तपासणी मिळत नव्हतीच. हे उत्तर नीट ऐका. वंचितपणा हाच तुलनेचा पाया धरला की वंचित ठेवणं नियमात बसतं.

हात न लावता निदान

आता तो बाकी ठेवलेला मुद्दा. सेन्सरमुळे रुग्णाला न शिवता निदान होईल. काकांसारख्या लाजणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. पण ज्या डॉक्टरला हात लावायचाच नाही, त्यालाही ही सोय आहे. उद्या तो म्हणेल, पट्टी आहे ना, तपासायचं कशाला? तंत्रज्ञान अस्पृश्यता मोडूही शकतं आणि तिला स्वच्छ पांढरा कोटही घालू शकतं. कुठलं होणार ते सेन्सरच्या रचनेत लिहिलेलं नसतं. ते आपण लिहायचं असतं.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, स्वतः पाणी ओतलं, आनंदाने धुतलं आणि दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघाला बजावलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. अडीच हजार वर्षांपूर्वी हात पुढे आला होता. सेन्सर त्या हाताच्या मदतीला यावा, त्याच्या जागी येऊ नये.

मग करायचं काय?

एक, सेन्सरची वाट बघत बसू नका. शौचातून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ बदललेली शौचाची सवय, कारणाशिवाय घटलेलं वजन, पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत आढळलेला पंडुरोग, यांतलं काहीही असेल तर "मूळव्याध असेल" यावर समाधान मानू नका. डॉक्टरला स्पष्ट सांगा, बोटाने तपासा. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची चाचणी आजच उपलब्ध आहे. जपान ती १९९२ पासून राष्ट्रीय पातळीवर वापरतो. आपल्याकडे हा आजार तरुणांतही दिसतो. टाटा मेमोरियलच्या ८०० रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतं. आणि गोमूत्राने गाठ विरघळते म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दोन, लक्षणं असलेल्या प्रत्येकाची प्राथमिक आरोग्य केंद्रात फिट चाचणी आणि संशय आल्यास महिन्याच्या आत दुर्बीण, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात आली पाहिजे. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. आपला माणूस त्याच्या आधीच, तपासण्यांच्या रांगेत हरतो. ठेक्यावरच्या सफाई कामगाराला तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा मिळाली पाहिजे. काकांनी दोन तारखा बुडवल्या त्या दिवसाची मजुरी जाईल म्हणून.

तीन, अशा कुठल्याही सेन्सरची भारतात चाचणी झाली तर त्यात दलित, आदिवासी, सफाई कामगार, क्षयरोग होऊन गेलेले लोक असले पाहिजेत आणि निकाल जातनिहाय प्रसिद्ध झाले पाहिजेत, नावं गुप्त ठेवून. तुलनेच्या गटाला निदान आजची चाचणी तरी मिळालीच पाहिजे. आणि सापडलेल्या प्रत्येकाच्या उपचाराची लेखी हमी आधी.

चार, पेटंट. २०१२ साली भारताने मूत्रपिंड आणि यकृताच्या कॅन्सरवरच्या एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याची किंमत दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आली. कायद्यात ती तरतूद आजही आहे. ती सेन्सरसाठी वापरायला लावणारी माणसं पाहिजेत.

पाच, हे विशेषकरून त्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला. भाऊ, तू सेन्सरकडून न्यायाची अपेक्षा करू नकोस, सेन्सर बनवायला जा. सीमारेषा ठरवणाऱ्या खोलीत बस. जे विज्ञान शिकले नाहीत त्यांच्यासाठीही जागा आहे. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत समाजशास्त्राचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावा असं आयसीएमआरची नियमावली सांगते. त्या खुर्च्यांवर आज कोण बसलंय, हे आपण कधी विचारलंय का? मी समाजशास्त्रात एमए केलं आणि इतकी वर्षं मलाही हे माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. आमच्या भागातल्या दोन संस्थांना मी अर्ज पाठवले आहेत. उत्तर आलं की इथेच लिहीन, नाही आलं तरी लिहीन.

आणि भाऊ, पुढच्या रविवारी विषय तुमचा. संडास आणि पाण्याच्या पाइपलाइनवर तुम्ही बोला. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, कारण माझा सेन्सर तुमच्या पाण्यावर अवलंबून आहे.

जय भीम!